सायबर फसवणूक : पहिल्या तासात नेमके काय करायचे?

महोदय,

दर ऑक्टोबरात सायबर जागरूकता महिना साजरा होतो. शाळांची फेरी निघते, शपथ होते, तहसील कचेरीच्या दारात फलक लागतो. ‘ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका.’ सल्ला बरोबरच आहे, पण ज्याचे पैसे गेले त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. वास्तविक केंद्र सरकार, रिझर्व्ह बँक आणि दूरसंचार विभाग यांनी गेल्या काही वर्षांत बऱ्यापैकी कामाच्या सोयी उभ्या केल्या आहेत. त्यातली कुठली कशासाठी, कुठे आधी जायचे आणि हातात काय घेऊन जायचे, हे मात्र आपल्या वाड्यांपर्यंत पोचलेले नाही. ते सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र, लांबीबद्दल क्षमस्व.

सुरुवात १९३० या सरकारी सायबर फसवणूक हेल्पलाइनच्या क्रमांकापासून. हा क्रमांक चोर पकडण्यासाठी नाही, पैसे वाटेत अडवण्यासाठी आहे, हे आधी डोक्यात पक्के हवे. फोन घेणारा कर्मचारी आपल्या व्यवहाराची नोंद केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या प्रणालीत टाकतो. ती आपल्या बँकेकडे जाते. रक्कम पुढे कुठल्या बँकेत गेली ते आपली बँक पाहते, मग नोंद त्या बँकेकडे, तिथून पुढच्या बँकेकडे. जिथे जेवढी रक्कम शिल्लक सापडेल तेवढी तिथल्या तिथे रोखून धरली जाते. एटीएममधून रोकड काढली गेली किंवा पैसा क्रिप्टोत गेला की माग तिथेच थांबतो. भामट्यांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते, म्हणून ते एकच रक्कम काही मिनिटांत चार-पाच भाड्याच्या खात्यांतून फिरवतात. अशा वेळी ‘झील (मुलगा) मुंबईसून येवंदे, मग बघू’ म्हणत शनिवार-रविवार घालवणे सर्वांत महाग पडते. बँकेची शाखा बंद असली तरी १९३० चालू असतो.

फोन लावण्यापूर्वी कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : आपल्या बँकेचे नाव व खाते क्रमांक, रक्कम, तारीख व वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक, आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँका व्यवहार ओळखतात तो क्रमांक. घोटाळा होतो तो या शेवटच्या बाबतीत. यूपीआय आणि आयएमपीएस व्यवहाराचा हा क्रमांक १२ अंकी असतो. एनईएफटीचा १६ आणि आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकांचा. फोनपेसारख्या ॲपमध्ये वर ठळकपणे ‘टी’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसतो, लोक तोच वाचून दाखवतात. तो ॲपचा स्वतःचा क्रमांक आहे, बँकेला त्यावरून माग काढता येत नाही. त्याच पानावर खाली ‘यूटीआर’ असे लिहिलेले असते, तो द्यायचा. एकापेक्षा जास्त वेळा पैसे गेले असतील तर प्रत्येक व्यवहाराचा वेगळा. कार्डाचा सीव्हीव्ही, पिन किंवा ओटीपी हेल्पलाइनवाले मागत नाहीत. कुणी मागितलाच तर आपण खऱ्या हेल्पलाइनशी बोलत नाही आहोत हे ओळखावे, कारण गूगलवर ‘कस्टमर केअर’ म्हणून सापडणाऱ्या क्रमांकांत खोटे भरपूर आहेत.

आधी बँक की आधी १९३०? स्वतःहून एकदा पैसे पाठवून फसलो असू तर आधी १९३०. खात्यातून एकामागून एक रकमा जात असतील तर आधी बँकेच्या २४ तास क्रमांकावर खाते, कार्ड व यूपीआय बंद करून घ्यावे आणि लगेच १९३०. बँकेचा क्रमांक एटीएम कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो. आजच तो घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा, कारण कार्ड हरवले की तो क्रमांकही त्याच्याबरोबर जातो. लाइन व्यस्त लागली तर दुसऱ्या माणसाने त्याच वेळी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरायला घ्यावी.

फोन झाला की पोचक्रमांकाचा संदेश येतो आणि बहुतेकांना वाटते काम झाले. झालेले नसते. २४ तासांच्या आत त्याच पोर्टलवर सविस्तर तक्रार पूर्ण करावी लागते. घटनेचे वर्णन किमान २०० अक्षरांचे लागते. रुपयाचे चिन्ह, टक्के, तारका, अवतरणे अशी चिन्हे असली की पोर्टल मजकूर नाकारते, म्हणून साधी वाक्ये लिहावीत. व्यवहाराचा स्क्रीनशॉट, बँकेचे स्टेटमेंट आणि संभाषणाची चित्रे जोडावीत. भामट्याशी झालेले व्हॉट्सॲप संभाषण रागाने किंवा लाजेने पुसू नये. समोरच्याने ‘डिसअपिअरिंग’, म्हणजे आपोआप पुसले जाणारे संदेश चालू केले असतील तर आधी दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो घ्यावेत.

आणखी एक गैरसमज : पोचक्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हे खरे. पण ती तपासाची अट आहे, तक्रार घेण्याची नव्हे. दोडामार्गच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला किंवा मंडणगडच्या माणसाला रत्नागिरीला जायला सांगून ठाण्यातून परत पाठवणे त्या तरतुदीत बसत नाही. तक्रार लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा.

आता बँक. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाची चूक नसताना आणि बँकेचीही नसताना त्रयस्थाकडून अनधिकृत व्यवहार झाला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला भुर्दंड शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत तोशीस. त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार. कळवल्यापासून १० कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरात असेच आदेश गेले. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून चूक आपली असली तरी तक्रारीची तारीख-वेळ कागदावर उमटवणे महत्त्वाचे. मुदत सूचना मिळाल्यापासून मोजतात, हे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावे. पावसात तीन-तीन दिवस वीज आणि रेंज नसते, संदेश उशिरा येतो. तो कधी आला हे दाखवणारा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. कुणाच्या बोलण्यात येऊन आपणच आपल्या हाताने पैसे पाठवले असतील, तर मात्र या परिपत्रकाचा आधार सहसा मिळत नाही. तिथे भिस्त १९३० वरच.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. पतपेढ्या मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. कोकणात निम्मा गाव पतपेढीत ठेव ठेवतो, तेव्हा हा फरक ठाऊक असलेला बरा : तिथली तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाते.

एक दार तर जवळजवळ कुणीच ठोठावत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटी रुपयांपर्यंतचे भरपाईचे दावे त्यांच्यापुढे चालतात. बँकेने किंवा मोबाइल कंपनीने हलगर्जी केली, उदाहरणार्थ नीट ओळख न पटवता दुसऱ्याला आपले सिम दिले, तर हा मार्ग आहे. महाराष्ट्रात अशा दाव्यांत बँकांना भरपाई द्यायला लावल्याची उदाहरणे आहेत. तालुक्याच्या वकील मंडळींनी याचा अभ्यास करावा असे सुचवावेसे वाटते.

रोखलेली रक्कम आपोआप खात्यात परत येईल या आशेवर लोक सहा-सहा महिने बसून राहतात. ती परत मिळवण्यासाठी सामान्यतः न्यायालयात अर्ज करावा लागतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. पोलिसांचा अहवाल लागतो. अशी प्रकरणे लोकअदालतीतही निकाली निघालेली आहेत. कुठल्या बँकेत किती रक्कम रोखली आहे, ही माहिती तपास अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी. अर्जात ती नसली की तारीख पे तारीख सुरू होते.

हे झाले पैसे गेल्यावरचे. आता आपल्या भागात चालणाऱ्या युक्त्यांकडे वळू.

तारकर्ली, गणपतीपुळे, दिवेआगर, हर्णै पट्ट्यातल्या न्याहारी निवासवाल्यांना येणारा फोन ठरलेला. हिंदी बोलणारा माणूस, व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, ‘यूनिट के लिए पाच कमरे चाहिए’. भावात घासाघीस नाही, हीच पहिली खूण. मग ‘आर्मी का पेमेंट सिस्टीम अलग है’ म्हणून तो क्यूआर पाठवतो आणि आधी एक रुपया पाठवायला सांगतो, त्याच्या बदल्यात दोन रुपये परत येतात. विश्वास बसला की पुढच्या क्यूआरवर पिन मागितला जातो आणि पैसे जातात. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिनचे पान उघडले म्हणजे पैसे आपल्याकडून जाणार. दुसरा प्रकार : १,५०० ऐवजी चुकून १५,००० पाठवले, फरक परत करा. सोबत ‘जमा’ झाल्याचा संदेशही येतो, पण तो साध्या दहा आकडी मोबाइलवरून आलेला असतो. बँकेचा संदेश अक्षरांच्या नावाने येतो आणि मे २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी आडवी रेघ व एक अक्षर असते : व्यवहाराला टी, सेवेला एस, जाहिरातीला पी, सरकारी संदेशाला जी. तरीही संदेशावर विसंबू नये, ॲपमध्ये शिल्लक बघावी.

याच धंद्याची उलटी बाजू. समुद्रकिनाऱ्यावरच्या खऱ्या घराचे फोटो उचलून खोटे पान तयार होते, गणपती आणि मे महिन्याच्या आधी आगाऊ रक्कम घेतली जाते आणि पाहुणे सामानासह भलत्याच दारात उभे राहतात. हापूसच्या पेट्यांचेही तसेच : बाजारभावाच्या अर्ध्या दरात ‘देवगड’, वर भौगोलिक मानांकनाचे चित्र. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांनी आणि निवासवाल्यांनी आपला फोन व यूपीआय आयडी पर्यटन महामंडळाच्या नोंदणीत, गूगल नकाशावर आणि बिलावर सगळीकडे एकच ठेवला, तर गिऱ्हाइकाला पडताळता येते. गिऱ्हाइकाने पैसे पाठवण्याआधी ॲपवर दिसणारे खातेदाराचे नाव वाचावे. मालवणच्या घराचे भाडे तिसऱ्याच राज्यातल्या कुणा अनोळखी नावावर का जाते, एवढा प्रश्न पुरतो. सायबरक्राइमच्या पोर्टलवर संशयित मोबाइल, खाते किंवा यूपीआय आयडी आधी तक्रारीत आला आहे का ते तपासण्याचीही सोय आहे. तिथे नाव सापडले नाही म्हणजे माणूस स्वच्छ, असा अर्थ मात्र काढू नये.

अलीकडे जास्त नुकसान करते ती एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप टाकणारी फाइल. ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान’ अशा नावाने व्हॉट्सॲपवर येते, तीही ओळखीच्याच क्रमांकावरून, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. लग्नपत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते, तिला ‘इन्स्टॉल’ लागत नाही. खरे चलान गाडीचा क्रमांक टाकून परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर दिसते. फाइल टाकली की ते ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर भामट्याकडे जाऊ लागतात. चिन्ह पडद्यावरून गायब होते. असे झाले तर आधी विमान मोड, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०. मग सेटिंग्जमध्ये ॲपची पूर्ण यादी, ‘डिफॉल्ट एसएमएस ॲप’, ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’ ही चार ठिकाणे पाहावीत. ॲप निघत नसेल तर आधी ॲडमिनमधून त्याची परवानगी काढावी लागते, हे ठाऊक नसल्याने लोक हताश होतात. तक्रारीसाठी फाइलचे नाव, ती पाठवणारा क्रमांक आणि वेळ यांचे फोटो घेतल्यावरच फोन पूर्ण पुसावा. तोवर पासवर्डची बदलाबदल त्याच बाधित फोनवर करणे व्यर्थ. संगणक व फोन साफ करण्याची मोफत साधने केंद्राच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मिळतात.

गावात एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी अंगठ्याची चोरी हा वेगळाच धोका. आधार-आधारित पैसे काढण्याला ओटीपी लागत नाही. आधारची बायोमेट्रिक माहिती ‘एमआधार’ ॲपवरून कुलूपबंद करता येते. मोबाइल आधारशी जोडलेला हवा, अडचण आल्यास १९४७. पण याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय सल्ला देऊ नये : कुलूप लावले की रेशन दुकानातल्या यंत्रावर आणि निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यालाही अंगठा चालत नाही. त्या वेळी ॲपवरून तात्पुरते उघडावे लागते. घरात ॲप हाताळणारे कुणी नसेल तर कुलूप न लावता त्या खात्यात मोजकीच रक्कम ठेवणे आणि बाकी मुदत ठेवीत टाकणे अधिक सोयीचे. अंगठा कुठे कुठे वापरला गेला याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास आधारच्या संकेतस्थळावर दिसतो.

फसवणूक झाली नाही, नुसता संशयास्पद फोन किंवा संदेश आला, तर १९३० ला त्रास न देता दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’मध्ये कळवावे. त्याच ठिकाणी आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते दिसते, मर्यादा नऊची. अनोळखी निघाले तर ‘माझे नाही’ म्हणून नोंदवता येते. हरवलेला फोन देशभर बंद करण्याची सोयही तिथेच. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, व पोलीस तक्रारीची प्रत लागते. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून तो क्रमांक आज वहीत उतरवून ठेवावा. बँका, विमा कंपन्या व सरकारी खात्यांच्या सेवा-कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवली आहे, आणि बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’वर असायला हवीत. ‘डिजिटल अटक’ अशी कायद्यात तरतूदच नाही. व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारा पोलीस खोटा, फोन कापावा. खासगी छायाचित्रांवरून धमकावले जात असेल तर पैसे देऊ नयेत. ‘स्टॉप एनसीआयआय’ या संकेतस्थळावर फोटो अपलोड न होता त्याचा अंकात्मक ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमांवर तो फोटो अडवला जातो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही वेगळी सेवा आहे.

शेवटी एक अन्याय, ज्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. पाहुण्याने भाडे म्हणून दिलेली रक्कम चोरीच्या साखळीतली निघाली, तर दूरच्या राज्यातल्या पोलिसांच्या सूचनेवरून निवासवाल्याचे किंवा आंबेवाल्याचे अख्खे खाते गोठते, ऐन हंगामात. अशा वेळी शाखेत भांडून उपयोग नाही. बँकेकडून तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव, ईमेल आणि वादग्रस्त रक्कम लेखी मागावी. त्या अधिकाऱ्याला बिल, पाहुण्यांच्या नोंदवहीचे पान, ओळखपत्राची प्रत पाठवावी. आणि फक्त वादातली रक्कम रोखून बाकी खाते मोकळे करा, असा अर्ज बँक व पोलीस दोघांकडे द्यावा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली नेमकी हीच भूमिका घेतली होती. धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवले तर निदान चूल बंद पडत नाही. आणि ‘खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ म्हणणाऱ्याला कॉलेजच्या पोरांनी नकार द्यावा. गुन्ह्यात पहिले नाव खातेदाराचेच येते.

प्रशासनाकडे मागणी साधी आहे. ‘सावध राहा’ऐवजी १९३०, बँकेचा क्रमांक, फोनआधी लिहायच्या पाच गोष्टी आणि २४ तासांतली पोर्टल नोंद एवढेच मोठ्या अक्षरांत छापलेले एक पान प्रत्येक ग्रामपंचायत, टपाल कार्यालय, एसटी स्थानक, रेशन दुकान आणि पतपेढीत लावावे. चतुर्थीला चाकरमानी गावी असतात, तेव्हा ग्रामसभेत एकदा घरातल्या वृद्धांच्या फोनमध्ये हे क्रमांक साठवून द्यायला सांगावे. आपल्या दैनिकानेही दर सोमवारी भरती-ओहोटीच्या वेळांशेजारी ही चौकट छापावी, ही विनंती.

– बँक व सायबर तक्रारींच्या कामाशी संबंधित काही वाचक, मालवण